खारी, आणि तिच्या आधीचे कुत्रे

गुरुपौर्णिमेची गर्दी ओसरली की शिर्डीत काय काय मागे राहतं याची एक यादीच आमच्या दुकानात झालेली आहे. एका पायाची चप्पल, छत्री, पाण्याच्या बाटल्या, चष्मे, एकदा तर कवळी. आमचं हार-फुलं आणि प्रसादाचं दुकान आहे, वडिलांच्या वडिलांपासूनचं. यंदा, म्हणजे १० जुलै २०२५च्या गुरुपौर्णिमेनंतर, दुकानामागच्या गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत एक कुत्री राहिली.

लहानशी. मांजरापेक्षा जरा मोठी. मुळात पांढरी असावी, पण तेव्हा रंग ओल्या सिमेंटचा होता. गळ्यात लाल पट्टा, त्यावर ना नाव ना नंबर. महाराष्ट्राबाहेरच्या पासिंगची कुठलीही गाडी आली की ती उठून दारापर्यंत जायची, माणसं उतरली की वास घ्यायची आणि परत जागेवर येऊन बसायची. महिनाभर तिचा हाच दिनक्रम, असं आईने फोनवर सांगितलं होतं. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. राखीपौर्णिमेला घरी आले तेव्हा ती तिथेच होती. मराठीत बोलावलं, हिंदीत बोलावलं, ढिम्म. मग शेजारच्या लॉजवरच्या पोराने, ज्याला धंद्यापुरतं चार भाषांमधलं थोडं थोडं येतं, सहज म्हणून तेलुगूत "इक्कड रा" म्हटलं. दोन्ही कान ताठ उभे राहिले.

मी तिचे फोटो काढून सापडतील त्या ग्रुपांवर टाकले. कोणी विचारलं नाही. मला वाटतं, कोणी विचारणार नाही हे तिच्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं.

"मी हिला दत्तक घेते," मी घरी जाहीर केलं. आजी हसली. "दत्तक? वारस करायचीय का तिला? दुकान लिहून देणार?"

आजीचं हसणं इतिहासाला धरून होतं. आपल्याकडे दत्तक हा शब्द मुळात गादीचा, जमिनीचा आणि पिंडदानाचा. १८४८मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने अमान्य केला आणि राज्य खालसा झालं. पुढे झाशीत तेच घडलं. ज्या शब्दावरून राज्यं गेली, तो आता आम्ही इन्स्टाग्रामवर पिल्लाच्या फोटोखाली लिहितो. कुत्रा 'पाळायचा' असतो, आणि तोही घरच्या कामाचा असेल तर. गल्लीतल्या कुत्र्याला फार तर भाकरी टाकायची.

अण्णा मात्र हसले नाहीत. "घरात कुत्रं येणार नाही," एवढंच म्हणाले आणि शटर उघडायला गेले.

अण्णांना १९८१ साली, अकराव्या वर्षी, उसाच्या फडाजवळ पिसाळलेला कुत्रा चावला होता. त्याच दिवशी त्याच कुत्र्याने त्यांच्या वर्गातल्या आणखी एकाला चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक, तालुक्याच्या दवाखान्यात एसटीने जाऊन. अण्णांना आजोबांनी चौदाही दिवस ओढत नेलं. दुसऱ्या मुलाच्या घरचे ऊसतोडीवर निघायचे होते, पाच-सहा इंजेक्शनांनंतर तो गेलाच नाही. दोन महिन्यांनी त्याला पाणी बघवेनासं झालं. पुढचं अण्णा सांगत नाहीत. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलेय आणि ती दर वेळी त्याच वाक्यावर थांबते.

ती चौदा इंजेक्शनं नेमकी होती तरी काय, हे मी या वेळी पहिल्यांदाच शोधून वाचलं. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ला पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. त्यानंतर पंधरा वर्षं हिंदुस्थानात चावा बसलेल्या गोऱ्या शिपायांना बोटीने पॅरिसला धाडत. देशी माणसाला कोण धाडणार? १९००मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. तिथे डेव्हिड सेंपल या लष्करी डॉक्टरने १९११मध्ये नवी लस बनवली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो कार्बोलिक आम्लाने मारायचा आणि त्या मेंदूचाच पातळ काला पोटाच्या कातडीखाली टोचायचा. बनवायला सोपी, स्वस्त, म्हणून ती गावोगाव पोचली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण ती दुखायची, दिवसच्या दिवस चालायची, आणि मेंदूचा अंश असल्यामुळे क्वचित कोणाला त्या लसीनेच लकवा व्हायचा. भारतात ती २००४च्या अखेरीस कायमची बंद झाली. आज दंडावर चार-पाच डोस पुरतात. तरीही जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणं दिसल्यावर उपाय जवळपास नाहीच. १९८१लाही नव्हता.

तेव्हा अण्णांची भीती अडाणीपणाची नाही, हे पहिल्यांदा लिहून ठेवते. माझ्या वयाच्या प्राणीप्रेमी मंडळींचं (मीही त्यातलीच) इथे हमखास चुकतं. आम्ही भीतीला क्रौर्य म्हणतो.

आमच्या गावाचं आणखी एक कोडं आहे. शिर्डीत कुत्र्याला हाकलणं हे बहुतेकांना जमतच नाही. हेमाडपंतांनी, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोळकरांनी लिहिलेलं ओवीबद्ध साईसच्चरित इथे घराघरांत आहे. त्यातली नवव्या अध्यायातली गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तर्खडबाई जेवायला बसणार इतक्यात एक भुकेला कुत्रा येतो, त्या त्याला भाकरी टाकतात, आणि दुपारी मशिदीत गेल्यावर बाबा म्हणतात की आज तू मला पोटभर जेवू घातलंस. तेराव्या अध्यायात बाळा गणपत शिंपी हिवतापाने खंगलेला असतो. त्याला औषध सांगितलं जातं ते असं, की लक्ष्मीच्या देवळाजवळ काळ्या कुत्र्याला दहीभात घाल. कुत्रा शेपूट हलवत येतो, दहीभात खातो, ताप उतरतो. म्हणून आजही बाहेरून आलेले लोक काळा कुत्रा शोधत हिंडतात. आमच्या गल्लीतला एक काळा कुत्रा इतका धष्टपुष्ट आहे की गुरुवारी तो बिस्किटांकडे बघतसुद्धा नाही. त्याच्यापासून वीस पावलांवर ही पांढरी उपाशी बसलेली असायची. रंग चुकला बिचारीचा.

कुत्र्याला मान देणारी परंपरा इथे बाबांच्याही आधीची आहे. बाबा गावात आले ते वऱ्हाडाबरोबर, खंडोबाच्या देवळापाशी, आणि तिथल्या म्हाळसापतींनी त्यांना 'साई' म्हणून हाक मारली, असं सांगतात. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो. त्याला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानत, जुन्या चालीत कुत्र्यासारखं भुंकत आणि कोटंब्यात भिक्षा घेत. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, ते म्हणे चार वेद. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, का, तर त्यात विठ्ठल होता. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो, आणि तो कुत्रा यमधर्म निघतो.

या सगळ्या गोष्टी मला आवडतात. पण पार्किंगमध्ये बसून त्या आठवताना पहिल्यांदा एक गोष्ट खटकली. यातला कुत्रा कधीच नुसता कुत्रा नसतो. तो देव असतो, धर्म असतो, वेद असतो. तो येतो, खातो, खाऊ घालणाऱ्याचं भलं होतं आणि तो निघून जातो. रात्री पाऊस आल्यावर तो कुठे झोपला, हे कुठलीच गोष्ट सांगत नाही. आणि रोजच्या भाषेत 'कुत्र्याचं जिणं', 'कुत्र्याच्या मौतीने मरशील' हे आहेच. 'कुत्री' हा शब्द तर मला या लेखातही जपून वापरावा लागतोय.

नुसता कुत्रा असलेला कुत्रा मला सापडला तो शिर्डीहून तासाभरावर, श्रीरामपूर तालुक्यात. प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. रथ साधारण ४५ सेंटिमीटर लांब. त्यात एक माणूस उभा आहे, हातात वाकडी काठी. आणि त्याच्या पुढे, रथाच्या दांडीवर, एक छोटा कुत्रा उभा आहे. काही अभ्यासक या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. काहींना धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून ते पटत नाही. तो वाद तज्ज्ञांचा. माझं लक्ष त्या कुत्र्यावरच जातं. बैलांच्या आणि माणसाच्या मधे तो अगदी हक्काने उभा आहे, मोटरसायकलच्या टाकीवर कुत्रा बसतो तसा. ओतणाऱ्या कारागिराला तो वगळता आला असता. त्याने मेण खर्च केलं, तांबं खर्च केलं आणि त्याला ठेवला. शाळेत आम्हाला दायमाबाद एका ओळीत शिकवलं होतं. त्या ओळीत कुत्रा नव्हता.

मग माणसाने सांभाळलेला कुत्रा आणि टाकलेला कुत्रा हा फरक सरकारदरबारी कधी आला? आपल्याकडची एक तारीख पक्की सांगता येते: ६ जून १८३२, मुंबई. ब्रिटिश सरकारने मोकाट कुत्रे मारायचा हुकूम काढलेला होता, आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आठ आण्यांसाठी कुत्रे पकडणारे लोक घरांच्या ओट्यांवरून, अंगणातून कुत्री उचलू लागले. पारशांच्या धर्मात कुत्रा पवित्र. माणूस गेला की शवाला कुत्र्याची नजर घडवण्याचा 'सगदीद' हा विधी असतो. त्या दिवशी फोर्टात पारशी जमावाने कुत्रे पकडणाऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन, मुसलमानही त्यात आले. कुलाब्याच्या छावणीत जाणारी रसद अडली, साहेबांना पाव मिळेना. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. मुंबईतला हा पहिला मोठा बंद कुत्र्यांसाठी झाला, हे मला कोणी इतिहासाच्या तासाला सांगितलं असतं तर मी तो विषय ऑप्शनला टाकला नसता.

दंगलीनंतरचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोनच वर्षांत, १८३४मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. मारू नका म्हणता ना, मग ठेवायचे कुठे, या प्रश्नाला ते उत्तर होतं: जागा, चारा, माणसं, खर्च. लंडनचं प्रसिद्ध बॅटर्सी श्वानगृह, ज्याला जगभर दत्तक-चळवळीचं मूळ मानतात, ते मेरी टील्बी नावाच्या बाईंनी सुरू केलं १८६०मध्ये. आमचा पांजरपोळ त्याच्या सव्वीस वर्षं आधीचा. अर्थात फरक आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पांजरपोळात जनावर मरेपर्यंत सांभाळायचं, असा विचार होता. बॅटर्सीच्या नावातच 'तात्पुरतं घर' होतं. हरवलेल्या, उपाशी कुत्र्याला तिथून पुढे कोणाच्या तरी घरी जायचं होतं. घर बदलून देणं ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आली.

मधल्या दीडशे वर्षांत महापालिकांनी मारण्याचंच काम केलं. मुंबईत तर विजेचा धक्का देऊन. कुत्रे कमी झाले नाहीत. कचरा होता तेवढाच राहिला आणि रिकाम्या जागी नवे कुत्रे आले. नव्वदच्या दशकात मुंबईने मारणं थांबवून नसबंदी सुरू केली, २००१मध्ये देशभरासाठी नियम आले, २०२३मध्ये ते नव्याने लिहिले गेले. नसबंदी करा, लस द्या, उचललं तिथेच सोडा. कागदावर हे उत्तम आहे. पण त्यासाठी डॉक्टर, गाडी, पिंजरे आणि वर्षानुवर्षं चिकाटी लागते. आमच्यासारख्या, वस्ती थोडी आणि येणारे लाखो, अशा गावात हिशोब कसा बसवायचा हे मला तरी सुचत नाही.

नेमकं मी सुट्टीवर असतानाच, ११ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला. आमच्या घरात टीव्हीसमोर सरळ दोन पक्ष पडले. अण्णा म्हणाले, "बघ, कोर्टालासुद्धा पटलं." २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून परत सोडा, फक्त पिसाळलेले आणि आक्रमक नको. त्याच आदेशात असंही होतं की ज्यांना कळवळा आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावा, आणि एकदा घेतला की तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही त्यांची जबाबदारी. आजी म्हणाली, "म्हणजे लिहूनच द्यायचं की!" पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस आणि रेल्वे स्थानकांतून उचललेले कुत्रे परत तिथे सोडू नयेत, असा आदेश आला.

पण खारी (नाव नंतर पडलं, चहात बुडवलेली खारी पहिल्यांदा माझ्या हातून घेतली म्हणून) रस्त्यावर जन्मलेली नव्हती. ती कोणीतरी विकत घेतलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, स्पिट्झ आणि गावठी यांचं मिश्रण, वय चारच्या आसपास. आपण ज्याला सर्रास 'पामेरियन' म्हणतो तो बहुतेकदा हा भारतीय स्पिट्झच असतो. परदेशी कुत्रे आणणं अवघड होतं त्या काळात, ऐंशी-नव्वदच्या दशकांत, मध्यमवर्गीय घरात हाच शिरला. १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी हा त्याच जातीचा. मग २००३मध्ये हचच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि पगची लाट आली. नंतर हस्की, चाळीस अंशांच्या उन्हात. २०१६मध्ये सरकारने पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्रे आणण्यावर बंदी घातली, पण तोवर इथेच हवे तेवढे जन्मत होते. लाट ओसरली की कुत्रा उरतो. तो बारा-चौदा वर्षं जगतो, जाहिरात चाळीस सेकंदांची असते. तिला सोडणाऱ्यांबद्दल मला सुरुवातीला फार राग होता. आता त्यांनी तिला शिर्डीतच का सोडलं असेल याचा विचार करते. इथे कोणी ना कोणी खायला घालेल, असं वाटलं असेल. तर्खडबाईंची गोष्ट त्यांनीही वाचली असेल.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा गोचिडांचा ताप निघाला. चार आठवडे गोळ्या. कानात जखम. रेबीजची लस, मग बाकीच्या लसी, नसबंदी अशक्तपणा गेल्यावर. पुण्यातल्या सोसायटीत "पाळीव प्राणी चालणार नाहीत" असं आधी सांगितलं गेलं. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना छापून नेल्या, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "लिफ्टमध्ये कडेवर घ्या, म्हणजे झालं." वाद एवढ्यावर मिटला. खरा प्रश्न गोळ्यांच्या चार आठवड्यांचा होता. अशा अवस्थेत तिला पुण्याला नेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि माझी सुट्टी संपली होती. घरून काम मागून घेतलं. खारीची जागा ठरली दुकानामागची खोली, जिथे हारांच्या टोपल्या असतात. घरात नाही. अण्णांचा शब्द मोडला नाही.

पहिले दहा दिवस अण्णा त्या खोलीत गेले नाहीत. फुलं आईने आणून द्यायची. अकराव्या दिवशी पहाटे काकड आरतीच्या वेळी आई झोपलेली होती आणि मीही. दुकान उघडायचं तर टोपल्या हव्यात. मला नंतर आईने सांगितलं की ते दारात बराच वेळ उभे होते. मग आत गेले, टोपल्या घेतल्या, आणि बाहेर आल्यावर हात साबणाने दोनदा धुतले. त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "सुई दिली का तिला? कितवी?"

"रेबीजची पहिली झाली. अण्णा, हिला चौदा नाही लागत. आता एक, मग वर्षाला एक."

"तारीख लिहून ठेव."

मी फोनमध्ये रिमाइंडर लावलाय, म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. डॉक्टरांनी दिलेलं लसीकरणाचं पुस्तक त्यांनी मागून घेतलं आणि चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मालकाच्या नावाची जागा मी रिकामी ठेवली होती, पुण्याचा पत्ता घालू की इथला, ते ठरत नव्हतं म्हणून. त्यांनी दुकानाचा पत्ता लिहिला.

सप्टेंबरच्या शेवटी मित्राच्या गाडीने, संगमनेर-नारायणगाव करत, मी खारीला पुण्याला आणलं. दिवाळीला दोघी घरी गेलो. ती अजूनही बाहेरच्या पासिंगची गाडी आली की उठते, दारापर्यंत जाते, पण आता वास न घेताच परत येते. अण्णा तिला हात लावत नाहीत. ती मात्र त्यांच्या गल्ल्याखाली, पायांपासून वीतभर अंतर ठेवून झोपते. ते पाय हलवताना खाली बघून हलवतात. लसीचं पुस्तक पुण्याला न्यायला मागितलं तर म्हणाले, झेरॉक्स घे. मूळ प्रत गल्ल्यात आहे, दुकानाच्या परवान्याबरोबर, प्लॅस्टिकच्या पिशवीत.